गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा टपकतोय? बंद करायच्या आधी हे बघा

थंडी पडायला लागली की माझ्याकडे एकच तक्रार फिरून फिरून येते. 'गीझरखालच्या त्या बारक्या पाईपातून पाणी टपकतंय, बादल्या ठेवून कंटाळा आला, काहीतरी करा.' कोणी गीझर म्हणतं, आमच्या इंदूरची जुनी मंडळी अजून बॉयलरच म्हणतात, वस्तू तीच. हा फॉल्ट मी इतक्या घरांत बघितलाय की आता सगळं एका जागी लिहूनच टाकतो, म्हणजे मेकॅनिकला फोन करायच्या आधी निम्म्या गोष्टी तुम्ही स्वतःच बघून घ्याल. हे सगळं लाईटवर चालणाऱ्या, भिंतीवर टांगलेल्या टाकीवाल्या गीझरबद्दल आहे, १० लिटरपासून २५-३५ लिटरपर्यंतच्या. गॅस गीझरचं मध्ये थोडं सांगितलंय कारण त्याचा धोका वेगळाच आहे.

आणि बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण एवढं वाचा: तो टपकणारा पाईप बंद करायचा नाही. बूच नाही, एम-सील नाही, लाकडाची खुंटी नाही, 'तात्पुरतं' पण नाही. टाकीत प्रेशर वाढलं तर बाहेर पडायची तेवढी एकच वाट असते. व्हॉल्व्ह टपकतो म्हणजे एक तर तो त्याचं काम करतोय नाहीतर तो खराब झालाय, आणि दोन्हीतलं काय ते शोधायचं असतं, थेंब थांबवणं हा इलाज नाही.

लक्षणं आधी

तुमच्याकडे नक्की काय होतंय ते यातून ओळखा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

– गीझर चालू असताना टपकतं, पाणी तापून दिवा गेला की थोड्या वेळात थांबतं. सगळ्यात जास्त घरांत हेच असतं.

– चोवीस तास टपकतं, गीझर बंद, पाणी गार, तरी थेंब चालूच.

– पंप चालू झाला की किंवा रात्री सगळे नळ बंद असताना जोरात येतं, दिवसा नाही.

– पाईपातून नुसतं पाणी नाही तर उकळतं पाणी, वाफ, फस्स-फस्स आवाज. किंवा गरम नळ उघडला की आधी वाफेचा भपकारा आणि मग थुंकल्यासारखं पाणी. हे असेल तर पुढचं वाचू नका, मेन एमसीबी पाडा आणि सरळ खाली 'इथे थांबायचं' ला जा.

– टाकीतून कडकड, खडखड, पाणी रटरटल्यासारखा आवाज, पण पाणी तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो.

– पाणी व्हॉल्व्हातून नाही तर गीझरच्या बॉडीच्या खालून, झाकणाच्या फटीतून येतंय. हा व्हॉल्व्हचा प्रॉब्लेम नाहीच, आतली टाकी किंवा गॅस्केट गेलंय, आणि त्याच झाकणाच्या आत लाईटची कनेक्शनं असतात, तेव्हा चालू ठेवून बघत बसू नका.

– आणि एक लक्षण ज्याची कोणी तक्रार करत नाही: आधी तापताना दोन-चार थेंब यायचे, आता वर्षभरात एक थेंब नाही. लोक खूश असतात, मला याचीच जास्त काळजी वाटते. बोरिंगच्या पाण्याने व्हॉल्व्ह आतून चिकटून बसला की तो गरजेच्या वेळी उघडत नाही, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

पैसा न लागणारी तपासणी

पहिलं, थेंब कधी पडतात आणि किती पडतात ते मोजा. पाईपाखाली मोकळा मग ठेवा, गीझर पूर्ण गार असताना चालू करा आणि दिवा जाईपर्यंत थांबा, मध्ये गरम नळ कोणी उघडायचा नाही. पाणी तापलं की फुगतं, हे शाळेत शिकलेलंच आहे फक्त किती ते लक्षात राहत नाही. पंधरा डिग्रीचं पाणी साठ डिग्रीला नेलं तर दीड टक्क्याहून थोडं जास्त वाढतं, म्हणजे २५ लिटरच्या टाकीत साधारण चारशे मिली. ७५ डिग्रीला नेलं तर सहाशेच्या वर. हे वाढलेलं पाणी जाणार कुठे? इनलेटला उलटं न जाऊ देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असेल, आणि हल्लीच्या बहुतेक गीझरसोबत येणाऱ्या मल्टी फंक्शन व्हॉल्व्हमध्ये तो आतच असतो, तर ते पाणी परत वरच्या टंकीकडे जाऊ शकत नाही, मग ते व्हॉल्व्हातूनच थेंब थेंब बाहेर पडणार. तेव्हा तुमच्या मगात तीन-चारशे मिली जमा झालं आणि दिवा गेल्यावर थांबलं तर गीझर ठणठणीत आहे. त्या पाईपाला पुढे नळी जोडून ती मोरीच्या जाळीवर नेऊन सोडा, बादलीची कटकट संपली. नळी उतरती पाहिजे, मध्ये कुठे वर चढून पाणी साठायला नको आणि तोंड उघडं दिसलं पाहिजे.

मोजायचं यासाठी की 'खूप टपकतं' याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो. सुदामा नगरला एका काकूंकडे 'बादली भरते' म्हणून गेलो, मग लावून बघितलं तर मगाच्या अर्ध्याच्या आसपास, बादली भरायला दोन आठवडे लागत होते आणि तोवर ती कोणी रिकामी करत नव्हतं. त्या घरात मी फक्त नळी लावून आलो.

दुसरं, थर्मोस्टॅटचं बटण. थंडीत लोक ते फुल्लवर नेऊन ठेवतात आणि मार्चपर्यंत तिथेच राहतं. ७५ ला ठेवलं तर पाणी जास्त फुगतं, टपकणं वाढतं, बिल वाढतं आणि क्षार पण जास्त बसतो कारण पाणी जितकं गरम तितका चुना लवकर खाली बसतो. ५५ ते ६० पुरे. त्याखाली ४०-४५ वर कायम ठेवून देऊ नका, कोमट साठलेल्या पाण्यात लीजिओनेला नावाचे जंतू वाढतात, साठ डिग्रीला ते टिकत नाहीत. आणि साठ डिग्रीचं पाणी अंगावर पडलं तर पाचेक सेकंदांत नीट भाजतं, लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्याहून लवकर, तेव्हा बादलीत आधी गार पाणी सोडायचं मग गरम, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा. बटण कमी करून दोन दिवस परत मग ठेवून बघा. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

तिसरं, टाकीत पाणी आहे का. हे टपकण्याशी थेट संबंधित नाही पण आपल्या गावात हे बघावंच लागतं. नर्मदेचं पाणी १९७८ साली इंदुरात आलं, तिकडून जलूदहून जवळपास सत्तर किलोमीटर लांबून आणि पठारावर चढवून आणायचं, त्यामुळे बऱ्याच भागांत नळ एक दिवसाआड येतात. ज्या दिवशी नळ नाही त्या दिवशी वरची टंकी तळाला गेलेली असते, कोणीतरी सकाळी अर्ध्या झोपेत गीझर चालू करतं आणि आत पाणी पुरतं नसतं. एलिमेंट पाण्याबाहेर तापलं की काही मिनिटांत जळतं. म्हणून नियम सोपा आहे, आधी गरम पाण्याचा नळ उघडायचा, सलग धार येते का बघायची, हवा फुरफुरली तर ती जाईपर्यंत थांबायचं आणि मगच बटण दाबायचं.

चौथं, इनलेटचा कॉक पूर्ण उघडा आहे ना, आणि जुन्या बसवणुकीत वरच्या टंकीपर्यंत गेलेला हवेचा पाईप असेल तर त्याचं वरचं तोंड मोकळं आहे ना. गच्चीवर रंगकाम झालं की ते तोंड कोणीतरी कापडाने बांधतं आणि तसंच राहतं. फुगलेलं पाणी त्या पाईपातूनच वर जायचं असतं.

व्हॉल्व्ह धुऊन बघणे

गार असताना पण टपकत असेल तर पहिला संशय कचऱ्यावर. व्हॉल्व्हच्या आत एक रबराची बैठक आणि तिला दाबून धरणारी स्प्रिंग असते. त्या बैठकीवर वाळूचा कण, टेफ्लॉनचा धागा किंवा क्षाराचा तुकडा अडकला की ती पूर्ण बसत नाही आणि थेंब चालू. मागे एक उघडून हातावर घेतला होता, नवाच होता, वर्षही झालं नव्हतं, रबरावर मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढी पांढरी खर आणि तिच्या शेजारी रबराला पडलेली बारीक चीर, बाकी सगळं लख्ख. एवढ्याशा खरीने त्या घरातली भिंत ओली करून प्लास्टर फुगवलं होतं.

व्हॉल्व्हला छोटं लिव्हर असेल तर असं करा. एमसीबी पाडा. पाणी गार होऊ द्या, रात्री बंद करून सकाळी हे काम करणं सगळ्यात चांगलं. पाईपाखाली बादली ठेवा, तोंड बाजूला ठेवा, लिव्हर उचलून पाच-सात सेकंद जोरात पाणी जाऊ द्या, सोडा, परत करा, तीन-चार वेळा. कचरा असेल तर धुऊन जातो. लिव्हर उचलल्यावर पाणी आलंच नाही तर व्हॉल्व्ह जाम आहे, तो बदलेपर्यंत गीझर चालवायचा नाही. आणि लिव्हर नसेल तर पक्कड लावून स्प्रिंगशी खेळू नका, त्याचं बघायचं काम प्लंबरचं. ज्यांचा नीट चालतोय त्यांनी पण दर दोन-तीन महिन्यांनी हे करावं, विशेषतः बोरिंगवाल्यांनी, नाहीतर तो चिकटतो.

पाण्याचा प्रश्न इथे टाळता येत नाही. आपलं माळवा सगळं काळ्या दगडाचं पठार, बोरिंगचं पाणी कठीण, आणि नर्मदेचं कमी पडलं की दोन्ही एकाच टंकीत पडतं, त्यामुळे 'आमच्याकडे तर नर्मदाच आहे' म्हणणाऱ्यांच्या एलिमेंटवर पण जाड थर निघतो. ओळखायला मशीन नको, रोज पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरं चढतंय का आणि साबणाला फेस येतो का एवढं बघा. टीडीएस मीटर सगळ्यांकडे असतो पण तो विरघळलेलं सगळंच एकत्र मोजतो, त्यातला चुना किती ते तो सांगत नाही.

थोडा खर्च करून करायच्या दोन गोष्टी

एक म्हणजे थर्मामीटर. स्वयंपाकाचा किंवा लॅबचा, शंभर डिग्रीपर्यंतचा, तापाचा चालत नाही. गीझरचा दिवा गेला की लगेच गरम नळातलं पाणी स्टीलच्या मगात घ्या, पहिला अर्धा मग सोडून द्या, मग मोजा. बटण ६० वर असेल तर चार-पाच डिग्री इकडे तिकडे ठीक आहे. बटण ५५ वर आणि पाणी ८० असेल तर थर्मोस्टॅट वेळेवर तोडत नाहीये. २ किलोवॅटचा २५ लिटर गीझर गार पाणी साठला न्यायला पाऊण तासाच्या आत नेतो, दीड-दोन तास झाले, दिवा जात नाही आणि पाणी कढत आहे, तर पण तोच अर्थ. इथून पुढे स्वतः काही करायचं नाही.

दुसरी गोष्ट प्रेशर गेज. सियागंजात हार्डवेअरवाल्याकडे नळाला लावायचा मिळतो, नाहीतर प्लंबरकडे असतो. वरची टंकी किती उंच आहे त्यावर प्रेशर असतं, दहा मीटर उंचीला साधारण एक बार. दुमजली घरात गच्चीवर टंकी असेल तर अर्धा-पाऊण बार, पाच मजल्यांच्या बिल्डिंगला तळमजल्यावर दोनच्या आत. बहुतेक व्हॉल्व्ह ८ बारला उघडायचे असतात, त्याच्या अंगावर बारीक अक्षरात कोरलेलं असतं, कधी ८ बार कधी ०.८ एमपीए, दोन्ही एकच. म्हणजे नुसत्या टंकीच्या पाण्याने चांगला व्हॉल्व्ह टपकायलाच नको. हे गणित मी मुद्दाम सांगतो कारण 'तुमच्याकडे प्रेशर जास्त आहे' असं म्हणून पैसे घेणारे पुष्कळ आहेत, आणि दुमजली घरात ते खरं असूच शकत नाही.

जिथे प्रेशर पंप बसवलाय तिथे मात्र खरंच बघा. शॉवर जोरात यावा म्हणून पंप बसवतात, त्याच्यासोबत अजून एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह येतो, मग जिथे आधी फुगलेलं पाणी गुपचूप टंकीकडे परत जायचं तिथे आता दार बंद. पंप बसल्यापासून टपकायला लागलं असं कोणी म्हणालं की मी दुसरीकडे शोधतच नाही. इलाज दोन आहेत, पंपाचंच प्रेशर जास्त असेल तर पंपानंतर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह, आणि फुगलेल्या पाण्यासाठी गीझरच्या गार लाईनवर छोटी एक्सपान्शन टाकी, ज्यात रबराच्या पडद्यामागे हवा असते आणि फुगलेलं पाणी तिथे मावतं. घरगुती गीझरला सहसा नुसती नळी मोरीत सोडली तरी चालतं, पण होस्टेल, मेस, धर्मशाळेत जिथे १००-२०० लिटरची मोठी टाकी असते तिथे एक्सपान्शन टाकी लावाच. तिथल्या लोकांना एक अजून, बॉयलरच्या कायद्यात शंभर डिग्रीच्या खाली पाणी तापवणारी टाकी येत नाही, त्यामुळे कोणी सरकारी इन्स्पेक्टर तुमच्याकडे बघायला येणार नाही. लिव्हर कधी उचललं, पाणी किती डिग्रीला मिळालं, पाईप मोकळा आहे ना, हे तुम्हीच वही घालून लिहायचं.

व्हॉल्व्ह बदलायची वेळ

धुतला तरी गार असताना टपकतोय म्हणजे रबर गेलं, बदला. काही शे रुपयांची वस्तू आहे, दुरुस्त करत बसू नका. फक्त जुन्यावर जितके बार लिहिलेत तितक्याचाच आणि आयएसआय मार्कचाच घ्या. '८ चा टपकतो तर १० चा लावू' हे मी दुकानात उभं राहून ऐकलंय, आणि दुकानदार देतो पण. टाकी ८ बारसाठी बनवलेली आणि व्हॉल्व्ह उघडणार १० ला, म्हणजे टाकीवर तिच्या मापापेक्षा जास्त ताण येणार. व्हॉल्व्हवर बाण असतो, तो पाणी जायच्या दिशेने. व्हॉल्व्ह आणि गीझर यांच्या मध्ये कुठलाही कॉक बसवायचा नाही. बदलताना लाईट बंद, पाणी गार, इनलेट कॉक बंद, आणि टाकी रिकामी होणार हे धरून खाली बादल्या. हाताला सवय असेल तर घरी होतं, पण सीपीव्हीसीचा जुना पाईप पान्याने पिळताना भिंतीच्या आत तुटतो आणि मग टाईल फोडावी लागते, म्हणून ज्यांना सवय नाही त्यांनी प्लंबर बोलवावा.

इथे थांबायचं

खालचं काहीही असेल तर स्वतः करायचं नाही, मेन बंद करून माणूस बोलवायचा.

नळाला, शॉवरला, बादलीतल्या पाण्याला हात लावला की मुंग्या येतात. अगदी थोड्या असल्या तरी. एलिमेंटचं कवच फुटून करंट पाण्यात येतोय आणि तुमचं अर्थिंग पण बरोबर नाही, दोन्ही एकदम. घरात ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की लाईट तोडणारा स्विच, असेल तर तो पडू शकतो, आणि पडत असेल तर गीझर त्यावरून काढून दुसऱ्या लाईनवर टाकू नका, तो तुम्हाला वाचवतोय. नसेल तर बसवून घ्या, राजवाड्याकडच्या जुन्या घरांमध्ये तर आधी अर्थिंग तपासून मग. अर्थच्या वायरला न्यूट्रल जोडून 'अर्थिंग दिलं' म्हणणारा वायरमन परत घरात घेऊ नका.

प्लग काळा पडलाय, वितळलाय, जळका वास येतो. २ किलोवॅटचा गीझर जवळपास ९ अँपियर ओढतो, ३ किलोवॅटचा १३, आणि सलग. त्याला १६ अँपियरचं सॉकेट आणि चांगली जाड वायर लागते, एक्सटेन्शन बोर्ड कधीच नाही.

कटआउट परत परत पडतो. थर्मोस्टॅट फेल झाला तर लाईट तोडायला आत हा दुसरा पहारेकरी असतो, त्याचं लाल बटण हाताने दाबून परत चालू करावं लागतं, ते असं मुद्दामच बनवलंय, म्हणजे कोणीतरी कारण शोधावं. रामबागेत एका घरात काका रोज सकाळी खालचं झाकण काढून पेन्सिलीने ते बटण दाबून गीझर चालू करायचे, घरात सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं, सून पण करायची. त्याच गीझरच्या टपकणाऱ्या पाईपाला टेफ्लॉन गुंडाळून अगदी नीटनेटकं पितळी बूच बसवलेलं. थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटलेले होते, म्हणजे तो तोडतच नव्हता, आणि बाहेरची वाट बंद, सगळं त्या एका लाल बटणावर चाललं होतं. त्या दिवशी आम्ही फक्त मेन पाडला, बाथरूमला कडी लावली आणि संध्याकाळी पाणी गार झाल्यावर बूच काढलं. उघड्या झाकणात टर्मिनल असतात त्यात पेन्सिल घालणं हा वेगळाच धोका.

आणि वाफ. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे म्हणून उघड्या पातेल्यात पाणी ९८ डिग्रीच्या आसपास उकळतं, पण बंद टाकीत प्रेशरखाली ते उकळत नाही, नुसतं तापत जातं. ८ बारला ते पावणेदोनशे डिग्रीपर्यंत पाणीच राहतं. तशात टाकी फाटली किंवा कोणी व्हॉल्व्ह उघडला की प्रेशर एकदम जातं आणि त्यातला काही भाग क्षणात वाफ होतो, एक लिटर पाण्याची सोळाशेहून जास्त लिटर वाफ. २५ लिटरमधलं नुसतं तीन लिटर वाफ झालं तरी पाच हजार लिटर, आणि आपलं साधं बाथरूम सगळं मिळून सात-आठ हजार लिटरचं असतं. म्हणून फस्स आवाज, वाफ, किंवा गरम नळातून भपकारा आला तर गीझरचं बटण शोधायला बाथरूममध्ये जाऊ नका, बाहेरच्या बोर्डवरून एमसीबी पाडा. नळ उघडू नका, व्हॉल्व्हचं लिव्हर उचलू नका, वरून गार पाणी ओतू नका. दार लावून घ्या, मुलांना तिकडे जाऊ देऊ नका आणि पाच-सहा तास तरी काही करू नका. आपोआप गार होऊ दे.

गॅस गीझरवाल्यांसाठी इथेच सांगतो. त्याचा खरा धोका प्रेशरचा नाही, कार्बन मोनॉक्साईडचा आहे. वास नाही, रंग नाही, डोकं जड होतं, मळमळतं आणि माणूस आत पडतो. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर बसवायचाच नाही, बाहेर मोकळ्या हवेत बसवून गरम पाण्याचा पाईप आत आणायचा. थंडीत खिडकीला पुठ्ठा लावून आंघोळ करणारी घरं मी बघितलीत. कोणी आत पडलं तर आधी दार उघडून मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा.

मेकॅनिक आला की

टाकी उघडून एलिमेंट साफ करणं हे त्याचं काम, तुमचं नाही, पण काय करून घ्यायचं ते तुम्हाला माहीत पाहिजे. कठीण पाणी असेल तर वर्षातून एकदा टाकी धुणे, एलिमेंटचा थर काढणे आणि मॅग्नेशियमचा एनोड रॉड बघणे. तो रॉड स्वतः गंजून टाकीला वाचवतो, अर्ध्याहून जास्त झिजला की बदलायचा, नुसती तार राहिली असेल तर टाकी आधीच खायला लागलीये. कडकड आवाज येतो तो या थराखाली पाणी अडकून उकळल्याचा, साफ केल्यावर जातो. फ्लॅंजचं गॅस्केट प्रत्येक वेळी नवीन टाकायला सांगा, जुनं परत बसवलं की महिन्यात झाकणातून पाणी.

एलिमेंट ठीक आहे का हे त्याने मीटरने मोजून दाखवावं, २ किलोवॅटचं असेल तर साधारण २६ ओहम, ३ चं असेल तर १७-१८. पण हे बरोबर आलं म्हणजे करंट लीक नाही असं नव्हे, त्यासाठी एलिमेंट आणि बॉडीमध्ये मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावावा लागतो. मेगर नाही म्हणाला तर मुंग्यांची तक्रार त्याच्याकडून सोडवून घेऊ नका. थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही एकदम बदला, एक नवा एक जुना असं करू नका, खर्चात फरक फार नसतो. महाराणी रोडला सुटे पार्ट सगळे मिळतात पण मॉडेल नंबर नेल्याशिवाय जाऊ नका, गीझरच्या खालच्या स्टिकरचा फोटो काढून न्या, त्यावर लिटर, वॅट आणि बार तिन्ही असतात.

'भिया, ये तो टपकेगा ही, इसको पॅक कर देता हूँ' असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

काम झाल्यावर तो लगेच निघतो, त्याला थांबवा. आधी टाकी भरायची, गरम नळातून हवा जाऊन सलग धार येऊ द्यायची, मग लाईट. पाणी पूर्ण तापून दिवा जाईपर्यंत पाईपाखाली मग ठेवा, थर्मामीटरने पाणी मोजा, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा, आणि हे तीन आकडे-निरीक्षणं तारखेसकट गीझरच्या वॉरंटी कार्डाच्या मागे लिहून ठेवा, पुढच्या वेळी टपकायला लागलं की तुलना करायला तेच लागतं. जमलं तर हे सगळं दसरा-दिवाळीच्या दरम्यान उरकून घ्या, डिसेंबरमध्ये पारा दहाच्या खाली गेला की कोणताच मेकॅनिक दोन-दोन दिवस हाताला लागत नाही.